सम्राज्ञी मोहिते बाई

आमच्या अप्पर हटच्या घरात त्या वर्षी दोन भाषांच्या मध्ये मी एकटी उभी होते, आणि त्या जागेचा जमेल तेवढा फायदा घेत होते. आईची आई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आली होती. आईबाबा दोघंही सकाळच्या ट्रेननं वेलिंग्टनला जायचे. बाबा एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, तर आई शहराच्या पाण्याच्या पाइपांच्या नकाशांत दिवसभर बुडालेली असायची. मागे उरायचो आम्ही तिघं : आजी, मी आणि पाच वर्षांचा ईशान. तो इथेच जन्मला होता. त्याला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून एक अक्षर निघायचं नाही. आजी विचारायची, "भूक लागली का रे?" आणि तो म्हणायचा, "हीप्स," म्हणजे खूप. आजीला वाटायचं हे कसल्यातरी खाऊचं नाव आहे. ती मला म्हणायची, "हीप्स संपलेत का गं? आणून ठेवायला सांग बाबाला."

मी पुण्याहून सात वर्षांची असताना आले. बाराखडी पुरती गिरवून झाली होती, म्हणून आज हे मराठीत लिहिता तरी येतंय. त्यामुळे दुभाषाचं काम साहजिकच माझ्याकडे आलं आणि मी ते अत्यंत आळशीपणानं केलं. शेजारच्या बार्बराबाई कुंपणापलीकडून गुलाबांबद्दल पाच-पाच मिनिटं बोलायच्या आणि मी आजीला सांगायचे, "ती म्हणते, छान." मग आजी कलम कधी करावं, शेणखत किती घालावं, मिरजेत शाळेच्या आवारात तिनं गुलाब कसे जगवले हे सगळं सांगायची, आणि मी बार्बराबाईंना सांगायचे, "ती म्हणते, छान." दोघी एकमेकींकडे बघून मान डोलवायच्या. समोरची बाई फार मितभाषी आणि सुशील आहे असं दोघींचंही मत झालं असणार.

आजी स्वतः मितभाषी अजिबात नव्हती. मिरजेच्या मुलींच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका होती. सगळा गाव तिला मोहिते बाई म्हणायचा. खो-खोच्या सामन्यांना ती पंच असायची, आणि आई सांगायची की तिची शिट्टी वाजली की मैदानाबाहेरचे सायकलवालेसुद्धा ब्रेक दाबायचे. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट हा तिचा आयुष्यभराचा पोशाख. अप्पर हटच्या थंडीत त्यावर एक जांभळी शाल आणि बाबांची लोकरीची टोपी एवढीच भर पडली. सकाळी सहाला ती उठायची. हीट पंपाची घरघर, दरीतून येणारा वारा आणि लांबून जाणारी पहिली ट्रेन, या तिन्ही आवाजांवर खलबत्त्यात शेंगदाणे कुटण्याचा चौथा आवाज चढायचा. ठक ठक ठक. तो आवाज ऐकला की मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचे. आता पहाटे मला आपोआप जाग येते आणि घर इतकं शांत असतं की मी मुद्दाम उठून भांडी वाजवते.

तर सहलीचा फॉर्म. आमच्या वर्गात त्या सत्रात प्राचीन रोम चालू होतं, आणि मिस कार्टर नावाच्या आमच्या उत्साही बाईंनी शोधून काढलं होतं की डोंगरापलीकडे वाइरारापामध्ये एका शेतावर एक जोडपं शाळांच्या मुलांना रोमन सैनिकांचं आणि ग्लॅडिएटरांचं शिक्षण देतं. ढाल, लाकडी तलवार, कवायत, सगळं. फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की या उपक्रमात शारीरिक झटापट आहे आणि किरकोळ मुका मार लागू शकतो. माझी आई म्हणजे पोहायला जातानासुद्धा टॉग्जच्या, म्हणजे पोहण्याच्या कपड्यांच्या, पिशवीत बँडेजचा रोल टाकणारी बाई. 'झटापट' वाचून तिनं शाळेला फोन केला असता, मग मुख्याध्यापकांना ईमेल, आणि मी त्या दिवशी लायब्ररीत बसून चित्रं रंगवली असती. मी फॉर्म आईला दाखवलाच नाही. आजीसमोर ठेवला.

"कसला कागद आहे?"

"सहलीचा. जुन्या वस्तू बघायच्या आहेत. म्युझियमसारखं."

"मग एवढं बारीक काय लिहिलंय?"

"डबा आणा, पाणी आणा, टोपी आणा," मी म्हणाले.

आजीनं चष्मा लावला, कागद वरून खालपर्यंत गंभीरपणे पाहिला आणि देवनागरीत ठसठशीत सही केली : श्रीमती सुशीला मोहिते. शाळेत मिस कार्टरना ती सही इतकी सुंदर वाटली की त्यांनी ती दुसऱ्या बाईंना नेऊन दाखवली. घरी मी आईला एवढंच सांगितलं की शुक्रवारी सहल आहे, रोमवर. आई म्हणाली, "अरे वा, अभ्यासाचं दिसतंय."

इथवर सगळं सुरळीत झालं. पण दोन दिवसांनी आजी मला न्यायला शाळेच्या फाटकाशी आली आणि मिस कार्टर नेमक्या तिथे उभ्या. "किआ ओरा!" म्हणून त्यांनी आजीचा हात हातात घेतला आणि भरभर बोलल्या की मोठी माणसं कमी पडताहेत, सगळ्यांचे आईवडील कामावर, तुम्ही याल का मदतीला? मी घाबरले. आजी आली तर सगळंच उघडं पडणार. मी आजीला म्हणाले, "बाई म्हणताहेत, आज हवा छान आहे." आजीनं आभाळाकडे पाहिलं, हसली, जोरात मान हलवली आणि तिला येणारा एकमेव इंग्रजी शब्द तीनदा म्हणाली. "येस, येस, येस!"

"स्वीट ॲज!" म्हणून मिस कार्टरनी तिथल्या तिथे यादीत नाव लिहिलं.

माझ्याच भाषांतरानं मला असं गाठलं. घरी जाताना मला आजीला सांगावं लागलं की तुलाही सहलीला बोलावलंय. ती इतकी खूश झाली की शुक्रवारी पहाटे पाचलाच कुटायला बसली. मेथीचे धपाटे, अख्ख्या वर्गाला पुरतील एवढे, फॉइलमध्ये बांधून, शेंगदाण्याची चटणी वेगळ्या डब्यात, दही वेगळं. "मुलं सहलीला उपाशी राहतात," ती म्हणाली. "मी नेल्यात ना सहली." साडी, कॅनव्हासचे बूट, जांभळी शाल, लोकरीची टोपी आणि खांद्याला पिशवी अशी ती बसमध्ये चढली, तेव्हा मी मागच्या सीटवर हानाशेजारी जाऊन बसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. हे लिहायला मला अजूनही बरं वाटत नाही, पण खरं ते खरं. मला तिची लाज वाटत होती.

हाना माझी मैत्रीण. आमच्या वर्गातली सगळ्यात उंच मुलगी, बास्केटबॉल खेळायची, धावायची, पोहायची आणि सगळ्यात पहिली यायची. वर तिचा स्वभाव असा की तिच्यावर जळणंसुद्धा अवघड. आणि मी? मधुरा, शाळेत मॅडी. बुटकी, डावखुरी, खेळाच्या तासाला दोन्ही संघ निवडून झाले की उरणारी. खेळाच्या शिक्षिकेची नात! आजी आल्यापासून रोज मला अंगणात पळवायचा प्रयत्न करायची आणि मी गृहपाठाचं कारण सांगायचे.

रिमुटाकाचा घाट चढताना वळणं सुरू झाली आणि मुलांचे चेहरे पांढरे पडू लागले. मिस कार्टर कागदी पिशव्या वाटत होत्या. आजीनं पुढच्या सीटवरून मागे पाहिलं, उठली, आणि हलत्या बसमध्ये एका हातानं दांडा धरून ओळीनं प्रत्येकाच्या तळहातावर आवळासुपारी ठेवत आली. विमानतळावर रीतसर दाखवून, तपासून घेऊन आणलेली ती बरणी होती. मुलांनी ती तोंडात टाकली. चेहरे वेडेवाकडे झाले, पण एकही ओकलं नाही. हाना म्हणाली, "तुझी आजी लेजंड आहे."

शेतावर पोचलो तर समोर वाऱ्यानं एका बाजूला झुकलेली झाडं, मेंढ्या, एक मोठी शेड, आणि शेडसमोर लाल अंगरखा, चिलखत, वर तुरा असलेलं शिरस्त्राण घातलेला एक भलादांडगा माणूस. सँडलमध्ये त्यानं जाड करडे मोजे घातले होते. त्याचं नाव ग्रॅहम. आठवडाभर तो लोकांच्या शेतांना कुंपणं घालायचा आणि उरलेल्या वेळात रोमन सेनाधिकारी असायचा. त्याची बायको लिंडा मोठ्या भांड्यात काहीतरी ढवळत होती. शेडच्या भिंतीला प्लायवूडच्या लाल ढाली टेकवून ठेवल्या होत्या आणि एका पिंपात छत्र्या ठेवाव्यात तशा लाकडी तलवारी, टोकांना कातड्याच्या आत स्पंज भरलेल्या.

आजी त्या पिंपाकडे बघत राहिली. "हे म्युझियम?"

"जिवंत म्युझियम आहे, आजी. आता नवीन पद्धत आहे."

आजीनं एक तलवार उचलली, वजन बघितलं, परत ठेवली. "बरं," म्हणाली. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मला त्या वेळी कळायला हवं होतं.

सकाळभर कवायत झाली. ग्रॅहम ओरडायचा आणि आम्ही डावं-उजवं करत चिखलातून फिरायचो. ढाल डाव्या हातात, तलवार उजव्या. मी अर्थातच उलटं धरलं आणि भिंतीसारखी दिसायला हवी ती रांग माझ्यापाशी येऊन दार उघडं राहिल्यासारखी दिसू लागली. "रोमच्या रांगेत सगळे उजवे!" ग्रॅहम म्हणाला. काय झालं ते आजीला न सांगताच कळलं. जेवताना डावा हात पुढे केला की ती माझ्याकडे जसं बघायची तसंच तिनं पाहिलं, जणू तिच्या मताला रोमचा दुजोरा मिळाला. मग कासव केलं : पुढच्यांनी ढाली पुढे धरायच्या, मागच्यांनी डोक्यावर, आणि सगळ्यांनी मिळून एक कवच होऊन पुढे सरकायचं. ग्रॅहम आणि लिंडा टेनिसचे चेंडू फेकून फटी शोधत होते. त्यांचे चेंडू ढालींवर आपटून उडत होते. तेवढ्यात एक चेंडू दोन ढालींमधून बरोबर आत आला आणि माझ्या कपाळावर बसला. मी डोकावून पाहिलं. आजीनं पदर खोचला होता आणि तिच्या हातात पुढचा चेंडू तयार होता. "मधे फट आहे!" ती मराठीत ओरडली. "खांद्याला खांदा लावा!" मुलांना शब्द कळले नाहीत, पण फट बुजली.

मग एकेकाच्या लढती. जमिनीवर दोरानं एक गोल आखला होता आणि ग्रॅहमनं सगळ्यांना बसवून नियम सांगितला. तो शब्द न् शब्द मला आठवतो. तो म्हणाला, "डोक्यावर मारायचं नाही. ढालीवर लागलं तर मोजायचं नाही. पण अंगाला लागलं की लागलं. ते मी ठरवणार नाही. ज्याला लागलं त्यानं स्वतः ढाल टाकायची आणि एक बोट वर करायचं. तुम्हाला लागलं की नाही हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणालाच कळत नाही."

"काय म्हणतोय?" आजीनं विचारलं.

"जोरात मारू नका म्हणतोय."

आजीनं ग्रॅहमच्या वर केलेल्या बोटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तेवढ्यात ग्रॅहमची नजर तिच्या शालीवर गेली आणि त्याचे डोळे चमकले. रोममध्ये हा रंग अंगावर घालायचा अधिकार फक्त सम्राटाला होता, त्यानं जाहीर केलं, आणि आज आपल्यात प्रत्यक्ष सम्राज्ञी आलेल्या आहेत. एका ट्रेलरवर गवताचे गठ्ठे रचून त्यानं सिंहासन केलं. मुलांनी आजीला हात देऊन वर चढवलं. लिंडानं कसल्याशा पानांचा मुकुट लोकरीच्या टोपीवरच बसवला. आजीनं एकदाही "हे काय चाललंय" असं विचारलं नाही. ती गठ्ठ्यावर ताठ बसली, हात गुडघ्यांवर, नजर गोलावर. शाळेतल्या जुन्या फोटोंमध्ये मैदानाच्या कडेला खुर्चीवर ती अशीच बसलेली दिसते.

एकट्यानं लढताना डावा हात चालत होता, आणि नशिबानं त्या दिवशी माझ्या सगळ्याच उणिवा उपयोगी पडल्या. मी इतकी बुटकी की ढालीमागे माझी फक्त पावलं दिसायची. मी डावखुरी, म्हणून समोरच्याची ढाल नेहमी चुकीच्या बाजूला. एक जण बाद झाला, मग दुसरा, मग तिसरी. मुलं ओरडायला लागली, "मॅडी! मॅडी!" माझं नाव मैदानावर कुणी ओरडतंय हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. कान गरम झाले, पायांत काहीतरी भरलं. आणि शेवटच्या लढतीला समोर हाना.

ती घाई करत नव्हती. माझ्याभोवती सावकाश फिरत राहिली, आणि मी ढाल जरा उचलली तेव्हा खालून तिची तलवार आली आणि माझ्या डाव्या बरगडीवर बसली. शंका घ्यायला जागा नव्हती. श्वास अडकला. पण ती आत आली तेव्हा ग्रॅहम तिच्या पाठीमागे होता, आणि मुलांच्या बाजूला माझी ढाल. कुणालाच काही दिसलं नव्हतं. हाना एक पाऊल मागे गेली, तिनं तलवार खाली केली आणि माझ्या बोटाची वाट बघत उभी राहिली.

मी बोट वर केलं नाही. तिच्या उघड्या खांद्यावर तलवार मारली.

हाना माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही, काहीतरी न समजल्यासारखी. मग तिनं ढाल टाकली आणि तिचं बोट वर केलं. मुलांनी गोल तोडून माझ्याकडे धाव घेतली. मला उचललं वगैरे. त्या दोन मिनिटांचा आनंद खोटा होता असं म्हणायला हवं, पण तो खोटा नव्हता. तो चांगला, गोड, पोटभर आनंद होता. इतक्या वर्षांनी तरी हे कबूल करायला हरकत नाही.

ग्रॅहमनं सगळ्यांना गप्प केलं. हरलेल्यानं गुडघ्यावर बसायचं आणि सम्राज्ञीनं निकाल द्यायचा. हाना गुडघ्यावर बसली. सगळे ट्रेलरकडे वळले. आजी उठली, मुकुट सरळ केला, आणि तिच्या त्या मैदानभर पोचणाऱ्या आवाजात म्हणाली, "हिला आधी लागलंय. डाव्या बरगडीला. हिनं बोट वर केलं नाही. ही बाद."

तिचा हात माझ्याकडे होता, पण जिंकणाऱ्याकडे हात करतात तसाही तो दिसत होता. ग्रॅहम माझ्याकडे वळला. "काय म्हणतात सम्राज्ञी?"

सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता.

"ती म्हणते," मी म्हणाले, "दोघी छान लढल्या. हानाला जीवदान द्या."

केवढा जल्लोष झाला! हाना उठली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आजी काही क्षण उभी राहिली, टाळ्या वाजवणाऱ्या मुलांकडे, हसणाऱ्या ग्रॅहमकडे पाहिलं, आणि सावकाश खाली बसली. मिरजेत तिचा निकाल ऐकून आजवर कुणी अशा टाळ्या वाजवल्या नसणार, निदान हरलेल्या बाजूनं तरी.

जेवायला लिंडानं ग्लॅडिएटर खायचे म्हणून सातू आणि घेवड्याची लापशी केली होती. आजीनं एक चमचा खाल्ला, "मीठ नाही," म्हणाली आणि फॉइल उघडलं. पुढच्या दहा मिनिटांत रोमचं साम्राज्य धपाट्यांपुढे कोसळलं. ग्रॅहमनं शिरस्त्राण काढून पाच खाल्ले. हानानं चटणी दोनदा मागून घेतली, आजीकडून, खुणेनं. मी माझा धपाटा हातात धरून बसले होते. बरगडी ठणकत होती. हाना कुणाला काही बोलली नव्हती. ती बोलली असती तर मी नाही म्हणाले असते, आम्ही भांडलो असतो, आणि मला बरं वाटलं असतं.

निघण्याआधी बक्षीस. ग्लॅडिएटरला गुलामीतून मोकळं करताना लाकडी तलवार द्यायचे म्हणे. ग्रॅहमनं स्वतः कोरलेली एक छोटी तलवार आजीच्या हातात दिली आणि माझं नाव पुकारलं. मी ट्रेलरपाशी गेले. आजी खाली वाकली, तलवार पुढे केली. मी पकडली. तिनं सोडली नाही.

"मी मघाशी काय म्हणाले ते यांना सांग," ती हळू आवाजात म्हणाली.

"आजी, घरी गेल्यावर बोलू."

"आत्ता."

मी ओढून पाहिलं. एका टोकाला मी, एका टोकाला मोहिते बाई. ती तलवार जरासुद्धा हलली नाही. मागून ग्रॅहमनं विचारलं, "सगळं ठीक ना? काय म्हणताहेत त्या?"

आता मला दोन वाटा होत्या आणि दोन्ही वाटा माझ्याच तोंडातून जात होत्या. आजीला इंग्रजी येत नव्हतं. मी "अभिनंदन करतेय" म्हणाले असते तर टाळ्या पडल्या असत्या आणि तिला त्या थांबवता आल्या नसत्या. हे तिलाही माहीत होतं. तरी ती माझ्याचकडे बघत होती, दुसरं कुणी तिच्याजवळ नव्हतंच.

मी तलवार सोडली आणि वळले. "ती म्हणते," मी म्हणाले, "मला आधी लागलं होतं. बरगडीला. मी बोट वर केलं नाही. मी बाद होते."

"हे त्या आत्ता म्हणाल्या?"

"नाही. मघाशीच म्हणाल्या. मी वेगळं सांगितलं."

वारा होता, मेंढ्या होत्या. मागून एक मुलगा नुसतं "ब्रो..." म्हणाला. मिस कार्टरच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. ग्रॅहमनं दाढी खाजवली आणि हानाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो," हाना म्हणाली. "तलवार नीट बसली होती."

आजीनं तिला जवळ बोलावलं, तलवार तिच्या हातात ठेवली. मला वाटलं, संपलं. पण आजीनं हानाचा खांदा पकडला आणि तिला झापायला सुरुवात केली. "आणि तू गं! शिट्टी झाली का? निकाल झाला का? मग मधेच थांबायचं कशाला? समोरची बाहेर जाईपर्यंत नजर काढायची नाही! एवढी उंची दिलीय देवानं आणि बावळटासारखी उभी राहतेस!" मग माझ्याकडे वळून, "सांग तिला. सगळं."

मी सगळं सांगितलं. शिट्टी, नजर, उंची, देव, बावळट. एक शब्द गाळला नाही. बावळटला इंग्रजी शब्द शोधायला जरा वेळ लागला. हाना आधी घाबरून ऐकत होती, मग तिला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. मला नाही.

परतीच्या बसमध्ये मी आजीशेजारी बसले. दुसऱ्या कुणाशेजारी बसण्याची सोय उरली नव्हती. घाट सुरू झाल्यावर ती म्हणाली, "ती बार्बरा एवढे हात हलवून बोलते आणि तू मला सांगतेस, छान. मला वाटायचं इंग्रजी फार किफायतशीर भाषा असावी."

मी खाली बघत राहिले.

"त्या कागदावर काय लिहिलं होतं?"

मी आठवून सांगितलं. झटापट, मुका मार, पालकांनी नीट वाचून सही करावी. दोन-तीन वळणांनंतर ती म्हणाली, "आईला तू सांगायचंस."

मी सांगितलं, जेवणाच्या ताटावर. आईनं आधी माझा शर्ट वर करून बरगडी पाहिली. तिथे चांगलं जांभळं झालं होतं. मग म्हणाली, "तलवारी?" आणि मग आजीकडे वळली. "आई, तू सही केलीस?"

"केली. वाचता येत नसताना केली. ती चूक माझी," आजी म्हणाली. "बाकीच्या हिच्या." बाबा भाताच्या ढिगामागे तोंड लपवून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मला शिक्षा झाली : मिस कार्टरना आणि हानाला पत्र, हातानं लिहून. आईनं दोन्ही पत्रं दोनदा परत लिहायला लावली. सोमवारी हानानं तिचं पत्र वाचलं, घडी करून दप्तरात टाकलं आणि विचारलं, "ती चटणी उरलीय का?" आमची मैत्री पुढे टिकली, पण खेळताना ती माझ्यावरून नजर काढायची नाही.

पण त्याआधीचा शनिवार सांगायचा राहिला. सकाळी दूध संपलं होतं. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे किराण्याच्या दुकानात, जायचं म्हणजे नेहमी आजी आणि मी. मी रबरी जँडल्स पायात अडकवत होते, तर आजी म्हणाली, "तू बस. मी जाते."

"तुला बोलता येणार नाही."

"बघू."

मी तिच्या मागे, शंभर पावलं अंतर ठेवून, गेले. दुकानाच्या काचेतून दिसत होतं. दुकानवाली एक म्हातारी चिनी बाई होती आणि तिचं इंग्रजीही जेमतेमच होतं. आजीनं हातानं काहीतरी ओतून दाखवलं. त्या बाईनं तेलाची बाटली दाखवली. आजीनं मान हलवली आणि दोन्ही मुठींनी गाय पिळून दाखवली. ती बाई इतकी हसली की तिला काउंटर धरावा लागला. मग दोघी बराच वेळ बोलत होत्या, एक मराठीत आणि एक चिनीत, मोठमोठ्यानं, आणि कुणाचंच काही अडत नव्हतं. आजी बाहेर आली तेव्हा मी खांबाआड लपायला विसरले होते. तिनं पिशवी उघडून मला बाटली दाखवली.

"आजी, हे दूध नाही. हे क्रीम आहे."

तिनं बाटली वर धरून उजेडात पाहिली. "असू दे," म्हणाली आणि चालू लागली.

त्या सकाळी आम्ही सगळ्यांनी क्रीमचा चहा प्यायला. वर तुपकट तवंग, घोट घशाखाली उतरता उतरेना. बाबांनी निमूट संपवला. आईनं कप हातात धरून ठेवला. ईशाननं हट्टानं एक घोट मागून घेतला, तोंड वाकडं केलं आणि इंग्रजीत काहीतरी बोलला.

आजीनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाला?"

मी कप खाली ठेवला. "असला घाणेरडा चहा जन्मात प्यायलो नाही म्हणाला."

"बरोबर बोलला," आजी म्हणाली, आणि स्वतःचा कप शेवटच्या थेंबापर्यंत संपवून दुसरा ओतून घेतला.